फोड ओठावर, चर्चा कॅरेक्टरची

सबमिशन डोक्यावर, तीन रात्रींची झोप गायब, आणि सकाळी ब्रश करताना ओठाच्या कडेला काहीतरी चुणचुणतंय. दुसऱ्या दिवशी तिथे पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका. घरी आजी बघते आणि म्हणते, ‘जर फुटलाय, कडकी बाहेर पडली.’ कॉलेजच्या कट्ट्यावर मात्र पहिला प्रश्न ठरलेला: ‘काय मग, कुणाला किस केलंस?’ सगळे हसतात. तुम्हीही हसता. आणि पुढचा आठवडाभर मास्क लावून फिरता.

माझं भांडण त्या प्रश्नाशी आहे. जोक शिळा आहे, ते सोडा. मुलगा असेल तर त्याला टाळी मिळते आणि मुलगी असेल तर तीच गोष्ट रात्रीपर्यंत हॉस्टेलच्या तिन्ही मजल्यांवर फिरते, हेही आपल्याला माहीत आहेच. पण त्याहून वाईट म्हणजे त्या प्रश्नामागची माहितीच चुकीची आहे.

हा फोड येतो हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या व्हायरसच्या पहिल्या प्रकारामुळे, म्हणजे एचएसव्ही-१मुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या अंगात तो आहे, म्हणजे त्या वयोगटातल्या ६४ टक्के लोकांच्या. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो. मावशीने घेतलेली पापी, काकांनी दाढी घासत घेतलेला मुका, इतकं साधं. एकदा आत शिरला की तो चेहऱ्याच्या नसांच्या मुळाशी, कानाच्या जवळ असलेल्या एका गाठीत जाऊन झोपतो आणि आयुष्यभर तिथेच राहतो. अनेकांना तो कधी दर्शनही देत नाही. काहींच्या बाबतीत मात्र ताप, जागरण, टेन्शन, पाळी, कडक ऊन असं काही निमित्त मिळालं की त्याच नसेतून खाली ओठावर येतो. म्हणून तर दर वेळी जवळपास त्याच जागी. आजीच्या ‘कडकी’त तेवढं तथ्य आहे, ताप हे खरंच निमित्त असतं, फक्त बाहेर पडतोय तो व्हायरस. थोडक्यात, आज दिसणारा फोड हा गेल्या शनिवारचा पुरावा नसतो. तो तुम्ही बालवाडीत असतानाचाही असू शकतो.

मग तुम्ही रात्री पांघरुणात मोबाइल घेऊन सर्च करता आणि ‘हर्पिस’ हा शब्द वाचून घाम फुटतो. शांत व्हा. जननेंद्रियांवरचा हर्पिस बऱ्याचदा दुसऱ्या प्रकारच्या, एचएसव्ही-२ या व्हायरसमुळे होतो. पण हेही स्पष्टच सांगायला हवं की ओठावर फोड असताना ओरल सेक्स केला तर एचएसव्ही-१ तिथेही जाऊ शकतो. आणि नागीण म्हणजे याच घराण्यातला तिसराच व्हायरस, कांजिण्यांचा. तिचा वेढा पूर्ण झाला की माणूस दगावतो, ही तर निव्वळ भाकडकथा. तोंड येणं हेही वेगळं: गालाच्या आत, जिभेवर येणारे पांढरट छाले संसर्गाने पसरत नाहीत. हा गोंधळ असल्यामुळेच निम्मी पोरं ओठावरच्या फोडासाठी बी-कॉम्प्लेक्सची पाकिटं संपवतात. त्याने या व्हायरसला काही फरक पडत नाही.

आता गंमत बघा. ज्या ग्रुपमध्ये या फोडावरून कॅरेक्टर सर्टिफिकेट वाटली जातात, त्याच ग्रुपमध्ये एकच लिप बाम चौघींच्या ओठांवरून फिरतो. एकांकिकेच्या मेकअप रूममध्ये अख्ख्या टीमला एक लिपस्टिक. टपरीवर एक सिगारेट तिघांत. (ती ओढूच नका, पण तो लेख पुन्हा कधीतरी.) व्हायरस मुख्यतः पसरतो तो थेट स्पर्शाने आणि लाळेतून. वस्तूंमधून पसरण्याची शक्यता कमी, पण फोड ओला असताना त्याला नुकतीच लागलेली लिपस्टिक दुसऱ्याच्या ओठाला लावणं म्हणजे आमंत्रणच. फोड नसतानाही तो कधीकधी लाळेतून बाहेर पडतो, त्यामुळे शंभर टक्के खात्री कुणीच देऊ शकत नाही. पण चुणचुण सुरू झाल्यापासून खपली पडून कातडी नीट होईपर्यंत किस बंद, बाटली-चमचा-टॉवेल-रेझर आपापला, हे जमण्यासारखं आहे.

लाज वाटण्याची सगळ्यात मोठी किंमत वेळेत मोजावी लागते. या व्हायरसवर औषध आहे. असायक्लोव्हिर ज्या टीममधून आलं तिची प्रमुख गर्ट्रूड एलियन. स्त्री म्हणून तिला सुरुवातीला लॅबमध्ये नोकऱ्या नाकारल्या गेल्या, पीएचडी पूर्ण करता आली नाही, आणि १९८८मध्ये तिला वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. तिचं औषध व्हायरसला स्वतःच्या कॉप्या काढू देत नाही. म्हणजे ते उपयोगी पडणार कॉप्या निघत असताना: चुणचुणीपासून पहिल्या एक-दोन दिवसांत. खपली धरल्यावर ट्यूब चोपडून काय होणार? पण आपण काय करतो? पहिले दोन दिवस लपवतो, तिसऱ्या दिवशी रूममेटच्या सल्ल्याने टूथपेस्ट लावतो, चौथ्या दिवशी मेडिकलवाल्याकडे जाऊन ‘भाऊ, फोडावर काहीतरी द्या’ म्हणतो. आणि तो कधीकधी देतो ती गजकर्णासाठी सर्रास खपणारी मिक्स क्रीम, ज्यात स्टेरॉइड असतं. नुसतं स्टेरॉइड हर्पिसवर लावलं की व्हायरसला मोकळं रान मिळतं.

ज्यांना वारंवार येतो त्यांनी फोड नसताना एकदा त्वचारोगतज्ज्ञांना भेटावं आणि पुढच्या वेळी चुणचुण सुरू झाली की काय घ्यायचं, ते आधीच लिहून घ्यावं. क्रीमने फरक थोडाच पडतो, गोळी वेळेत घेतली तर जास्त. कुठली आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. काहीच केलं नाही तरी बहुतेक वेळा फोड आठ-दहा दिवसांत आपोआप जातो. ट्रेकला किंवा भर उन्हात मॅचला जाताना ओठांना एसपीएफ ३० असलेला बाम लावा. ऊन हे ज्यांचं निमित्त आहे त्यांना त्याने खरंच फरक पडतो. झोपेबद्दल मी बोलत नाही, सबमिशनच्या तारखा काही माझ्या हातात नाहीत.

इतका साधा आजार, मग एवढं लिहायचं कशाला? कारण काही ठिकाणी तो साधा राहत नाही. फोडाला लावलेला हात डोळ्याला गेला तर बुबुळाला जखम होऊन नजर जाऊ शकते. काँटॅक्ट लेन्स थुंकीने ओली करून घालणाऱ्या महाभागांनी हे वाक्य दोनदा वाचावं. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. एक्झिमा असलेल्यांच्या अंगभर तो पसरू शकतो. कुस्तीत अंगाला अंग घासून तो चेहऱ्यावर, मानेवर, दंडावर उठतो. जगभरच्या पैलवानांमध्ये हे दिसलेलं आहे. त्यामुळे तालमीत जाणाऱ्याने फोड असताना वस्तादांना सांगून लढत टाळणं म्हणजे पळपुटेपणा नव्हे. फोड वाळत नसतील, वाढत असतील किंवा वर्षातून पाच-सहा वेळा येत असतील, तर घरगुती प्रयोग थांबवा.

आणि सगळ्यात जपायचं ते तान्ह्या बाळाला. पहिल्या काही आठवड्यांत त्याची प्रतिकारशक्ती इतकी कच्ची असते की हाच व्हायरस त्याच्या मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत पोहोचून जिवावर बेतू शकतो. ताईला बाळ झालंय, रविवारी बारसं आहे, तुमच्या ओठावर फोड आहे आणि सगळे म्हणतायत, ‘अरे मामा, घे ना मांडीवर!’ अशा वेळी पापी घेऊ नका, मांडीवरही घेऊ नका. आणि ताईला आदल्या दिवशीच फोन करून सांगा, ‘मला जर फुटलाय, मी लांबूनच बघेन.’ कट्ट्यावरच्या जोकला घाबरून हा फोन राहून जायला नको.