गरमी, एचआयव्ही आणि घरातली बाई

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा रस्त्यावरचे ट्रक पाहिले, की मला नव्वदचं दशक आठवतं. एड्स म्हटलं, की तेव्हा सारी बोटं ट्रकवाल्यांकडे वळत. घरात बसलेले आपण निश्चिंत! त्या निश्चिंतीला १९९७ साली पुण्याच्या ‘नारी’ संस्थेच्या अभ्यासानं तडा दिला. गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. या ३९१ जणींपैकी बहुतेकींचा आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आला होता.

गरमी, म्हणजे उपदंश, हा एचआयव्हीचा जुना सोबती. त्याची पहिली जखम दुखत नाही, आपोआप भरते आणि माणूस ती विसरतो. रोग मात्र अंगात राहतो. अशा जखमेतून एचआयव्हीला वाट सापडते. आणि एचआयव्ही असला, तर उपदंश मेंदू-डोळ्यांपर्यंत लवकर पोचू शकतो.

खरं तर सुरुवातीच्या उपदंशाला २४ लाख युनिट पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन पुरतं. एचआयव्हीची औषधं सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळू लागली. मग अडतं कुठं?

गरोदरपणात बाईच्या दोन्ही तपासण्या होतात. त्यामुळे अनेक घरांत दोष आधी तिचा कळतो आणि ‘तूच आणलंस’ हेही तिलाच ऐकावं लागतं. नवरा दवाखान्याच्या पायरीशी घुटमळतो (सुईची एवढी भीती?). त्यानं उपचार घेतले नाहीत, तर बरी झालेली बायको पुन्हा उपदंशानं आजारी पडते. एचआयव्ही तपासणीची सक्ती २०१७ च्या कायद्यानं करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्याला समजावून आणायचं काम मात्र शेवटी तिच्याच गळ्यात पडतं.