सब्र ज्याचा त्याने करावा

उजनीच्या पाण्यावर करमाळा, माढा, इंदापूर या तालुक्यांत ऊस उभा राहिला. या पट्ट्यात कोपीत किंवा वस्तीवर जमिनीवर झोपणाऱ्याला मण्यारीची भीती असते. ती बहुधा रात्री चावते आणि फारसे दुखतही नाही. मग पापण्या जड होतात, जीभ लुळी पडते, श्वास थांबू लागतो. वेळेत व्हेंटिलेटर मिळाला तर असा माणूस पुष्कळदा काही दिवसांत पूर्ण बरा होतो.

मात्र त्या दिवसांत एक भयंकर गोष्ट घडू शकते. मण्यारीचे विष स्नायू लुळे पाडते, मेंदू जागाच राहतो. घशातली नळी, सुया, खाटेशेजारी कोणी म्हटलेले “संपलं आता” हे सारे त्याला कळत असते. एरवी रुग्णाच्या कपाळावरच्या आठीवरून, हातापायांच्या हालचालीवरून वेदना ओळखतात. इथे आठीही पडत नाही. नाडी वाढली, डोळ्यांतून पाणी आले, तर तेवढाच इशारा.

म्हणून एक फरक आपण नातेवाइकांनी समजून घ्यायला हवा. मिडाझोलाम, प्रोपोफॉल गुंगी आणतात, वेदना शमवत नाहीत. त्यासाठी फेंटानिल, मॉर्फिन यांसारखी औषधे लागतात. अमेरिकेतील अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने 2018 साली हेच सांगितले: आधी वेदना शमवा, मग गरजेपुरती हलकी गुंगी द्या. कारण खोल गुंगीने व्हेंटिलेटरवरचे दिवस वाढतात.

आपल्या समाजात दोन शंका हमखास निघतात. पहिली, मॉर्फिन म्हणजे नशा, ती हराम नाही का? फिकहचा सर्वमान्य नियम आहे की निकड असेल तिथे निषिद्धालाही गरजेपुरती मुभा मिळते. दुसरी, गुंगीत कलमा कसा पढणार? नळी असताना जागा माणूसही बोलू शकत नाही. त्याच्या अंतःकरणातले अल्लाह जाणतो. आपण कानाशी हळू कलमा म्हणावा, नाव घेऊन धीर द्यावा. तो ऐकत असेल.

“सब्र करा” हे सांगणे सोपे असते. पण सब्र हा ज्याचा त्याने करायचा असतो. उपाय हाताशी असताना दुसऱ्याच्या वेदनेवर तो लादणे मला धर्म वाटत नाही.

सरकारचीही जबाबदारी आहे. मॉर्फिनसारख्या अत्यावश्यक औषधांचे परवाने सोपे व्हावेत म्हणून 2014 साली अंमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. तिचा लाभ तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचला पाहिजे.

तोवर आपल्या हातात प्रश्न आहेत. भेटीच्या वेळी डॉक्टरांना अदबीने विचारा: यांना दुखतंय का, हे तुम्ही कशावरून ठरवता? झोपेचे औषध चालू आहे की दुखण्याचेही? आणि आम्ही बोललो तर यांना ऐकू येईल का?