बेवारस बाजार

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो, तेव्हा आडत्याकडे परवाना असतो, मापाड्याचे वजन असते, बोली चारचौघांत लागते आणि व्यवहार फिसकटलाच तर बाजार समितीचे दार ठोठावता येते. १९६३च्या बाजार समिती कायद्याने शेतकऱ्याला दिलेले हे कवच सदोष असेल. पण ते आहे. त्याच शेतकऱ्याच्या मोबाइलवर मात्र दुसरा बाजार अहोरात्र भरलेला असतो. जुने ट्रॅक्टर, दुचाक्या, दुभत्या म्हशी, बँकेने ओढून आणलेल्या वाहनांचे कथित लिलाव असे सारे तेथे मांडलेले असते. विकणारा माणूस मुळात अस्तित्वात आहे काय, याची शहानिशा करणारे मात्र तेथे कोणी नसते.

या बेवारसपणावर भामट्यांचे साम्राज्य उभे आहे. अपशिंगे मिलिटरीसारखे घरटी सैनिक देणारे गाव आणि १९६१मध्ये सुरू झालेली देशातील पहिली सैनिक शाळा ज्या साताऱ्यात आहे, तेथे गणवेशातील छायाचित्र पाहून कोणी शंका घेत नाही. भामट्याने नेमकी हीच श्रद्धा हेरली आहे. ‘बदली झाली, गाडी तातडीने काढायची आहे’ असे सांगत तो चोरलेले लष्करी ओळखपत्र पाठवतो आणि किंमत निम्मी सांगतो. मग आधी बयाणा, नंतर वाहतूक खर्च, त्यानंतर ‘परत मिळणारी’ अनामत असे हप्ते उकळले जातात. गाडी कधीच येत नाही. विकणाऱ्यालाही सुटका नाही. त्याला क्यूआर कोड पाठवून ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील’ असे सांगितले जाते. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे एवढे साधे सत्य घरोघरी पोहोचवण्यात यंत्रणा कमी पडल्या आहेत. लिलावाच्या नावाने बँकेसारखे हुबेहूब पान उभारून अनामत रक्कम लुबाडणे, ही याच धंद्याची पुढची पायरी.

देशभरात सायबर फसवणुकीत नागरिकांनी २०२३मध्ये ७,४६५ कोटी, तर २०२४मध्ये २२,८४५ कोटी रुपये गमावले. एका वर्षात तिप्पट झालेला हा आकडा केवळ नोंदलेल्या तक्रारींचा आहे. ‘शिकलासवरलेला असून फसला’ या टोमण्याच्या भयाने गावोगाव गिळून टाकलेली हानी त्यात नाही.

तक्रारीचे धाडस करणाऱ्याच्या वाट्याला काय येते? १९३० या मदतवाहिनी क्रमांकावर तत्काळ कळवल्यास रक्कम गोठवता येते. विलंब झाला की ती अनेक भाडोत्री खात्यांत विखुरते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील तपास निरीक्षकाहून कनिष्ठ अधिकाऱ्याला करता येत नाही. त्यामुळे जत किंवा पाटणच्या वाडीतील माणसाला ‘जिल्ह्याला जा’ असे सांगितले गेले, की त्याने एसटी गाठेपर्यंत पैसा परराज्यात पोहोचलेला असतो. बँकेकडे जावे, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकाचा आधार आहेच: ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेली, तक्रार करण्यापूर्वीची हानी ग्राहकाची. आणि चार पैशांच्या मोहाने आपले खाते वापरायला देणारा गावातलाच तरुण उद्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहील.

बाजार मांडणाऱ्या कंपन्यांचे उत्तरदायित्वही सोयीचे आहे. २०२०च्या ई-वाणिज्य नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. चोरी काही मिनिटांची, न्यायाला महिना! जाहिरातीचे पैसे घेताना मात्र यांच्या यंत्राला क्षणाचाही विलंब होत नाही.

म्हणून विक्रेत्याची ओळख पडताळल्याविना जाहिरात प्रसिद्ध होता कामा नये. प्रत्येक पोलीस ठाण्यात अहोरात्र तक्रार स्वीकारणारा प्रशिक्षित कर्मचारी हवा. जिल्हा बँका, पतसंस्था आणि विकास सोसायट्यांनी संशयास्पद खाती हुडकावीत. ग्रामसभांनी १९३० हा क्रमांक भिंतीभिंतीवर रंगवावा. हे झाले नाही, तर हानी पैशापुरती उरणार नाही. शब्दावर चालणारा इथला व्यवहार मोडेल आणि आपली गाडी विकू पाहणाऱ्या खऱ्या जवानाकडेही त्याच्याच जिल्ह्यात भामटा म्हणून पाहिले जाईल. फसलेल्याला मूर्ख ठरवून हात झटकण्याची सोय आता संपली आहे. सावध न करणारी, तक्रार न घेणारी आणि खाती न तपासणारी व्यवस्था यापुढील प्रत्येक लुटीत भागीदार मानली जाईल.