हरहुन्नरी ‘बाबा’

मैत्रिणींनो, काही माणसं आपल्या गल्लीत राहत नसली तरी शेजारचीच वाटतात. मुलांना त्यांच्याकडे निर्धास्त सोडून भाजी आणायला जावं, अशी. पुण्याच्या पत्रकारनगरात राहणारे डॉ. अनिल अवचट हे असेच कितीतरी जणांचे ‘बाबा’ होते. २७ जानेवारी २०२२ रोजी ते गेले. त्यांच्या पुस्तकांविषयी आणि सामाजिक कामाविषयी तेव्हा पुष्कळ लिहून आलं, आणि ते योग्यच होतं. पण आपल्या या पानावर मला त्यांची आठवण काढायची आहे ती घरातला माणूस म्हणून.

थोडक्यात ओळख सांगते. जन्म १९४४ चा, जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचा. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले, पण दवाखान्यात रमले नाहीत. बिहारमधला दुष्काळ पाहून आले आणि १९६९ मध्ये ‘पूर्णिया’ हे पुस्तक लिहिलं. पुढे हमाल, विड्या वळणाऱ्या बायका, अशा कष्टकऱ्यांमध्ये जाऊन, त्यांच्याशी बोलून ते लिहीत राहिले. भाषा अगदी साधी. आपल्यासमोर बसून कुणी सांगतंय असं वाटावं.

आता हुन्नर किती होते ते बघा! बासरी वाजवायचे, गायचे, चित्रं काढायचे, लाकूड कोरून शिल्पं करायचे, फोटो काढायचे, स्वयंपाक करायचे. आणि ओरिगामी! ‘ओरी’ म्हणजे घडी आणि ‘कामी’ म्हणजे कागद. ही जपानी कला. ना कात्री, ना डिंक, नुसत्या घड्या. समोर एखादं मूल दिसलं की बाबांचा कागद बाहेर निघायचा आणि बघता बघता त्याचा पक्षी नाहीतर प्राणी व्हायचा. या साऱ्या नादांवर त्यांनी ‘छंदांविषयी’ नावाचं पुस्तकच लिहिलं आहे. त्यात स्वयंपाकालाही मानाचं पान आहे. आपण रोज करतो ते काम कुणी छंदात धरतो, हे वाचून गंमत वाटते आणि बरंही वाटतं.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती याच्याही अलीकडची गोष्ट. त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदाताई येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करीत. घराला नियमित मिळकत होती ती त्यांची. मुक्ता आणि यशोदा या दोन मुली आणि घर सांभाळलं ते बाबांनी. मुलींना घातलं तेही महापालिकेच्या शाळेत. आणि हे त्यांनी ना लपवलं, ना त्याग म्हणून मिरवलं. ‘स्वतःविषयी’ या पुस्तकात मोकळेपणानं लिहून टाकलं.

तुम्ही म्हणाल, “त्यात काय मोठंसं? बायको कमावत होती, मग नवऱ्यानं घर बघितलं!” अहो, पण नोकरी करणाऱ्या आपल्यातल्या किती जणींच्या घरी असं घडतं? पगार आणतो आपण आणि संध्याकाळी कुकरही लावतो आपणच. एखाद्या दिवशी ‘ह्यां’नी चहा केला तर आपणच चार जणींना कौतुकानं सांगतो. आणि शेजारचा कुणी गच्चीवर कपडे वाळत घालताना दिसला तर हसतोही आपणच! हे हसणं थांबवणं तरी आपल्या हातात आहे ना?

सुनंदाताईंचं कर्तृत्वही विसरायला नको. गर्दच्या व्यसनात सापडलेल्या मुलांवर बाबांनी लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे हेलावले, त्यांच्या प्रतिष्ठानची मदत मिळाली आणि १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. त्याची धुरा सुनंदाताईंनी वाहिली. १९९७ मध्ये कर्करोगानं त्या गेल्या. पुढे मुक्ताताईंनी ते काम वाढवलं. कित्येक घरांतल्या बायकांना त्यांचा शुद्धीवरचा नवरा, मुलगा परत मिळाला तो तिथे. घरची काळजी वाटून घेणारा जोडीदार असला की बाईच्या हातून केवढं काम उभं राहतं, हे यावरून दिसतं.

आता आपल्याकडे वळू. लग्नाआधी कुणी पेटी वाजवायची, कुणी रांगोळीत बक्षिसं मिळवायची, कुणी भरतकामात वाकबगार. आज पेटी माळ्यावर, भरतकामाची रिंग ट्रंकेत. विचारलं की ठरलेलं उत्तर, “कुठला वेळ?” किंवा “आता कुठे काय येतंय!” बाबांच्या छंदांत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ते काही मैफलीसाठी गात नव्हते की प्रदर्शनासाठी कागद दुमडत नव्हते. आनंद वाटतो म्हणून करायचं, इतकाच हिशेब. जमलं तर छान, बिघडलं तर कागदच वाया गेला ना!

तेव्हा त्यांच्या आठवणीखातर एवढं करून पाहा.

छंदाची वस्तू माळ्यावर ठेवू नका. हाताशी, नजरेसमोर असू द्या. काढायलाच अर्धा तास लागला तर करणार कधी?

रोज जमणार नाही. आठवड्यातली एक ठरावीक वेळ धरा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा. त्या वेळचा चहा दुसऱ्या कुणीतरी करायचा. मुलगा असेल तर त्यालाही शिकवा, मुलीलाच नको.

सुट्टीत मुलं कंटाळली की जुनी कॅलेंडरं, पाठकोरे कागद काढा. कागदाचा एक कोपरा समोरच्या कडेला जुळवून तिरकी घडी घाला, उरलेली पट्टी कापून टाका, की चौकोन तयार. ओरिगामीतल्या बऱ्याच वस्तूंची सुरुवात या चौकोनापासूनच होते. आधी होडी, मग पक्षी. तुम्हीही शेजारी बसा. नुसतं “पसारा करू नका” म्हणत उभ्या राहू नका!

गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालणं सोपं असतं. त्याचा एखादा गुण घरात मुरवणं कठीण. पण बाबांचे गुण बिनखर्चाचे आहेत हो. एक चौकोनी कागद आणि थोडा मोकळा वेळ, बस्स. तुमच्या माळ्यावरून काय खाली आलं, ते मला जरूर कळवा.