काळा पडलेला रुपया घासू नका



आपल्या मलकापूर-कऱ्हाड भागात जुन्या घराची भिंत पाडताना, शेत नांगरताना किंवा आजीच्या गाठोड्यात कधीकधी फारसी अक्षरांचा एखादा जाड, काळपट रुपया निघतो. मग काय होते? कोणीतरी चिंच आणि राख लावून तो लखलखीत करते, आणि दुसऱ्या दिवशी सराफाकडे तो मोडीच्या भावाने जातो. माझ्या मते हे दोन्ही चूक आहे. काळा थर म्हणजे चांदीचा सल्फाइड. तो घासून काढताना अक्षरांचे उंचवटेही झिजतात, आणि नाण्याची खरी किंमत त्या अक्षरांतच असते. माती असेल तर साध्या पाण्यात बुडवून मऊ कापडाने टिपा, तेवढे पुरे.

नाणे चांदीचे आहे का, हे कसोटीवर न घासता कळू शकते. मोगली रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमचा आणि जवळजवळ शुद्ध चांदीचा असे. समजा, तुमचे नाणे ११.४ ग्रॅम भरले. आता इलेक्ट्रॉनिक तराजूवर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणे दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. तराजू दाखवील ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. शुद्ध चांदीची घनता १०.४९, म्हणून आकडा १.०९ च्या आसपास यावा. तांब्याचे असेल तर १.२७ येईल.

इथे तराजूची परीक्षा आधी होते! ०.१ ग्रॅमची चूक झाली आणि १.१ ऐवजी १.० वाचले गेले, तर घनता ११.४ येते, म्हणजे चांदीचे शिसे झाले. तेव्हा ०.०१ ग्रॅम दाखवणारा तराजू हवा, आणि नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकायला हवेत. माळेसाठी कडी डाखलेली असेल तर उत्तर बिघडते, आणि संग्राहकाच्या लेखी किंमतही उतरते. शिवाय खऱ्या चांदीचे बनावट नाणे या परीक्षेत सहज पास होईल. घनता धातू सांगते, वय नाही.

वयासाठी अक्षरांकडेच वळावे लागते. फारसी मजकूर उजवीकडून वाचतात, पण आकडे डावीकडून. एक म्हणजे उभी रेघ, शून्य म्हणजे ठिपका, आणि आपल्या शून्यासारखे दिसते ते पाच! हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. म्हणून त्या सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. चार उभ्या रेघा, म्हणजे ११११, असतील तर उत्तर १७०० च्या आसपास येते. त्याच साली औरंगजेबाने साताऱ्याचा किल्ला घेऊन त्याचे नाव आझमतारा ठेवले.

पण बादशहाचे नाव वाचून थांबू नका. मराठ्यांच्या टांकसाळींतले रुपयेही मोगल बादशहाच्या नावाने पडत. पुण्याकडच्या अंकुशी रुपयावर फारसी अक्षरांत अंकुशाची खूण असे. ईस्ट इंडिया कंपनीने तर बंगालमध्ये शाह आलमच्या राज्यारोहणाचे १९ वे वर्ष छापलेले रुपये पुढे कित्येक वर्षे पाडले. सन खोटा नव्हे, गोठलेला! लोकांचा विश्वास त्या ओळखीच्या रुपयावर बसला होता ना.

त्यात ठसा नाण्याहून मोठा असल्याने टांकसाळीचे नाव बरेचदा कडेबाहेर जाते. ज्यावर ते आणि सन दोन्ही पूर्ण उमटले, टांकसाळही दुर्मीळ, असा रुपया चांदीच्या भावाच्या कितीतरी पट जातो. सर्रास सापडणारा, झिजलेला रुपया मात्र भावापेक्षा थोडासाच वर. ‘तीनशे वर्षांचा आहे, म्हणजे लाखाचा’ हे खरे नाही.

जमिनीत नाण्यांचे गाडगेच निघाले, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. किंमत दहा रुपयांहून अधिक झाली की पुरे. नाणी वाटून घेऊ नका. कोणते शेत, किती खोल, कोणत्या नाण्याबरोबर कोणते होते, हे त्याच दिवशी वहीत लिहा आणि गाडग्याची खापरेही जपून ठेवा.