नव्याचे नऊ, फार तर एकवीस दिवस

गुढीपाडवा, रथसप्तमी, एक जानेवारी आणि २०१५ पासून एकवीस जून. चांगल्या सवयीचा संकल्प करण्यासाठी मराठी माणसाला मुहूर्तांची वाण नाही. वाण आहे ती संकल्पाच्या दुसऱ्या महिन्याची. हातावरून उदक सोडून संकल्प करायचा, म्हणून आपल्याकडे ‘संकल्प सोडणे’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. हल्ली तो शब्दशः अमलात येतो. पहिल्या आठवड्यात पहाटे टेकडीवर पाय ठेवायला जागा नसते. महिना उलटला की टेकडी पुन्हा नेहमीच्या वीस-पंचवीस वृद्धांची होते. व्यायामशाळेच्या चालकाला या गळतीचे दुःख असण्याचे कारण नाही. वर्षाचे शुल्क त्याने आगाऊ घेतलेले असते आणि सगळे सभासद रोज आले तर उभे राहायलाही जागा पुरणार नाही, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

या उतावळेपणाला आता शास्त्राचा मुलामा मिळाला आहे. एकवीस दिवस एखादी गोष्ट केली की तिची सवय होते, असे व्यासपीठावरून ठोकून सांगणारे व्याख्याते गावोगाव आहेत आणि त्यांची शिबिरे भरभरून चालतात. हा एकवीसचा आकडा आला कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० साली एक पुस्तक लिहिले. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा रुग्णाच्या मनात रुजायला किमान एकवीस दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. तेथे प्रश्न होता नव्या नाकाची ओळख पटण्याचा, पहाटे उठण्याचा नव्हे. पुढे सांगणाऱ्यांनी त्यातला ‘किमान’ गाळला, रुग्ण गाळला आणि उरलेला आकडा बाजारात आणला.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहाण्णव जणांवर बारा आठवडे केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक साधी गोष्ट निवडली होती. जेवणाबरोबर पेलाभर पाणी पिणे, फळ खाणे, थोडा व्यायाम करणे. ती अंगवळणी पडण्यास लागणारा मध्यम काळ निघाला सहासष्ट दिवस. पण खरे बोलके आहे ते त्यातले अंतर. कोणाचे काम अठरा दिवसांत झाले, तर कोणाला दोनशे चोपन्न दिवस लागतील असे अनुमान निघाले. पाणी पिण्याची सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. म्हणजे एकविसाव्या दिवशी ज्याला अजून पहाट जड जाते, त्याच्यात काहीच उणे नसते. तो फक्त वाटेत असतो. शिबिरवाल्यांनी मात्र त्याला नापास ठरवून घरी पाठवलेले असते.

हे समजण्यासाठी लंडनला जाण्याचीही गरज नव्हती. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात अभ्यास दृढ होण्याच्या अटी सांगितल्या आहेत: तो दीर्घकाळ व्हावा, खंड न पडता व्हावा आणि आदराने व्हावा. ‘दीर्घ’ म्हणजे किती, याचा आकडा त्यांनी दिला नाही. योगाच्या नावाने एकवीस दिवसांचे वर्ग काढणाऱ्यांनी ते सूत्र एकदा उघडून पाहावे.

सातत्य उत्साहाच्या बळावर टिकते, हा या सगळ्यांचा मूळ गैरसमज आहे. मराठी घरातली परवचा आठवावी. दिवेलागणीला देवापुढे दिवा लागला की मुले हातपाय धुऊन बसत, शुभंकरोती म्हणत आणि पाठोपाठ पाढे म्हणत. पावकी, निमकी, पाऊणकी सुद्धा! त्या पोरांना पाढ्यांचा उत्साह होता असे कोणीही म्हणणार नाही. पण दिवा रोज लागत असे आणि दिव्यामागून पाढे येत. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, काम वीस मिनिटांचे आणि सोबतीला घरातली चार माणसे. ‘आज करू की नको’ हा प्रश्न उद्भवायला फटच नव्हती. आज दिवेलागणीला दूरचित्रवाणीची मालिका लागते किंवा प्रत्येकाच्या हाती आपापला मोबाइल असतो, आणि ‘मुलांना सवयच नाही’ अशी तक्रार तेच पालक करतात.

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तो भाषणांवर विसंबून नव्हे. ते स्वतः रोज नमस्कार घालीत, घरातली मंडळी घालीत आणि संस्थानातल्या शाळांच्या दिनक्रमात ते बसवले गेले. राजाने आधी स्वतःच्या सकाळीत जागा केली, मग प्रजेला सांगितले. आजचे उद्घाटक नमस्कारांचे महत्त्व विशद करून, छायाचित्र झाले की गाडीत बसतात.

आता दुसरे टोक. मोबाइलमधले एक यंत्र सलग दिवस मोजते आणि एक दिवस चुकला की आकडा शून्यावर आणते. ज्याचे चाळीस दिवस भरले होते, तो एका तापाच्या दुखण्याने शून्यावर येतो आणि खचून सगळेच टाकतो. लंडनच्या त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या वाटचालीत म्हणावा असा फरक पडलेला नव्हता. आपल्या व्रतनियमांतही आजारी आणि वृद्धांना सवलत असतेच. एक एकादशी चुकली म्हणून वारकरी गळ्यातली माळ काढून ठेवत नाही, पुढची धरतो. चुकलेल्या दिवसापेक्षा त्यामागून येणारा दिवस महत्त्वाचा, हे मात्र कोणतेही यंत्र शिकवत नाही.

आणि या बाबतीत संस्था तरी कुठे निराळ्या आहेत? रथसप्तमीला मैदानभर मुले उभी करायची, नमस्कारांची एकूण संख्या लाखांत मोजायची, वृत्तपत्रांना छायाचित्रे पाठवायची. अष्टमीला ते मैदान रिकामे असते. एका दिवशी एकशेआठ नमस्कार घालून मांड्या धरलेले मूल पुढे आठ दिवस नमस्काराचे नाव काढत नाही, हे शाळेतल्या कोणत्याही व्यायामशिक्षकाला विचारावे. त्यापेक्षा रोज बाराच नमस्कार, प्रार्थनेला जोडून, तीच वेळ, तेच मैदान. यात छायाचित्रासारखे काही नाही, हीच त्याची अडचण! आयोजकांनी माघातल्या सप्तमीचा आकडा खुशाल जाहीर करावा. फक्त त्याच्याच शेजारी, फाल्गुन शुद्ध सप्तमीला त्याच मैदानावर कितीजण होते, तोही छापावा.