रेगोंचा रंगमंच

चित्रकार पाउला रेगो यांच्या लंडनमधल्या स्टुडिओत चित्राआधी नाटक उभं राहायचं. फर्निचर, कपडे, हातानं शिवलेल्या बाहुल्या, आणि या सगळ्यात तासन्‌तास पोझ देणारी लीला नुनेस. मग रेगो पेस्टल हातात घ्यायच्या.

१९९८ मध्ये पोर्तुगालमध्ये गर्भपाताला कायदेशीर मान्यता देण्याविषयीचं सार्वमत फसलं. निम्मे मतदारही घराबाहेर पडले नव्हते. लिस्बनमध्ये जन्मलेल्या रेगो संतापल्या. त्यांनी चोरून गर्भपात करून घेणाऱ्या मुली, बायका रंगवल्या. एक तर शाळेच्या गणवेशातच. शेजारी बादली, आवळून धरलेलं अंग. रक्ताचं प्रदर्शन मात्र कुठेही नाही. आणि नजर? दया न मागणारी. पेस्टल एकाच भिंतीवर टांगता येतं, म्हणून त्यांनी याच विषयावर एचिंग पद्धतीची मुद्राचित्रंही केली. छाप चार गावं फिरू शकतो. २००७ च्या सार्वमतात कौल बदलला. त्याचं काही श्रेय या चित्रांना दिलं जातं. किती द्यावं, याबद्दल मी जरा साशंकच आहे.

आपल्याकडे मुद्राचित्र अजूनही ‘स्वस्तातलं चित्र’ समजलं जातं. या अंकातला विशेष विभाग त्या समजुतीशी भांडण्यासाठीच काढला आहे.